नऊ नंबरच्या बसमधला रेडिओ

हार्लनची शाळा आठ पंचवीसला भरत असे. शिक्षण मात्र सात वीसलाच सुरू होई. कारण त्या वेळी डेल रिटर नऊ नंबरच्या बसची चावी फिरवी आणि इंजिनाबरोबर रेडिओही खोकून जागा होई. पंचावन्न मिनिटांचा रस्ता, त्यातला निम्मा खडीचा. अठ्ठावीस मुलं, वयं सहापासून सतरापर्यंत. कार्यक्रमाचं नाव 'फेन्सलाइन'. रस्टी नावाचा निवेदक दीडशे मैलांवरच्या स्टुडिओत बसून या मुलांना रोज सांगे की देश कुणी विकला, नदीचं पाणी कोणत्या माशासाठी अडवलं, आणि शाळेत त्यांच्यापासून काय लपवलं जातं. तो ओरडत नसे. ओरडणाऱ्याकडे मुलं दुर्लक्ष करतात, हे शिक्षकांना जेवढं कळत नाही तेवढं त्याला कळलं होतं. तो हसत बोले, मध्येच थांबे, प्रश्न विचारी, आणि उत्तर जणू ऐकणाऱ्यालाच सुचलं आहे असं भासवी. अध्यापनशास्त्राच्या पदविकेत हीच पद्धत दोन सत्रं शिकवतात आणि तरी ती कुणाला येत नाही.

डेलच्या मनात यातलं काही नव्हतं. तो कोरडवाहू गव्हाचा शेतकरी. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला डोंगरापलीकडून येणारे ढग बहुधा रिकामे येतात. गेली दोन वर्षं तर तेही आले नव्हते. बायकोच्या डायलिसिसला विमा लागे, आणि विमा शाळेच्या बसचालकाला मिळे. म्हणून तो बस चालवी. ट्रॅक्टरवर तो तीस वर्षं रेडिओ ऐकत आला होता. बस म्हणजे त्याच्या लेखी लांब ट्रॅक्टर, मागे मुलं बसवलेला.

त्याच बसमध्ये चालकामागच्या तिसऱ्या बाकावर तेरा वर्षांची ज्ञानदा शेणोलीकर बसे. तिची आई आसावरी विज्ञानाची शिक्षिका. हार्लनला विज्ञान शिकवायला इथलं कुणी येईना, तेव्हा शाळेनं पाच वर्षांपूर्वी तिला कराडहून व्हिसावर आणलं, आणि आणल्यावर काटकसर म्हणून दोन शाळांत वाटून दिलं. सकाळी सहाला ती घरातली एकुलती एक गाडी घेऊन उलट्या दिशेच्या शाळेत जाई आणि दहाच्या सुमारास हार्लनला पोचे. म्हणून मुलीला बस.

वडील देवदत्त घरी. बायकोच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला इथे कमावण्याची मनाई असते. श्वास घेण्याची परवानगी असते, आणि तीही मुदतीची. सातारा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात एकोणीस वर्षं विस्तार अधिकारी म्हणून काढलेला हा माणूस आता डेलच्या जमिनीच्या कडेला, एकेकाळी शेतगड्यासाठी बांधलेल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात लाकडं फोडी, भांडी घाशी आणि वाऱ्यानं दारातून आत आलेली माती दिवसातून दोनदा सुपलीनं भरून बाहेर टाकी.

सप्टेंबरच्या शेवटी डेलनं कोरड्या मातीतच गहू पेरला. देवदत्त पेरणीयंत्रामागून चालत तुंबलेल्या नळ्या तारेनं मोकळ्या करी. मजुरी घेता येत नव्हती. शेजारधर्म कायद्यात बसत होता. संध्याकाळी त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून त्यात पिवळी धूळ बसलेली असे, आणि दारात डेलनं ठेवलेले दोन भोपळे असत. ऑक्टोबरच्या मध्याला दोघांनी गुडघे टेकून पेरणीची एक ओळ उकरली. दाणा जसा पेरला तसाच निघाला, कोरडा, गुळगुळीत, जणू पोत्यातून आत्ता काढला. डेलनं तो दातांखाली फोडला, थुंकला, आणि मुलगी कशी आहे असं विचारलं. देवदत्त म्हणाला, ठीक आहे.

ती ठीक नव्हती. त्याच आठवड्यात 'फेन्सलाइन'ला नवा विषय सापडला होता: गावोगावच्या शाळांत परदेशातून आणलेले 'भाड्याचे मास्तर'. नाव कुणाचं घेतलं नाही, गरजही नव्हती. बसमध्ये कुणी ज्ञानदाला एका शब्दानं बोललं नाही. सत्तावीस माना फक्त तिच्याकडे वळल्या. सहा वर्षांच्या पोरानंही वळवली, कारण बाकीच्यांनी वळवली होती. डेलची वळली नाही. तो रस्ता बघत होता.

हे तिनं घरी जेवताना, पिठल्यात भाकरी कुस्करत, बातमी सांगावी तसं सांगितलं. मग विचारलं, "बाबा, आपण रेंटेड आहोत का?"

देवदत्त म्हणाला, घर रेंटेड आहे. ती हसली नाही.

आसावरीला यात नवं काही नव्हतं. दहा वाजता तिच्या वर्गात येणारी मुलं सकाळचा धडा घेऊनच येत. गेल्याच सोमवारी तिनं डेलच्या शेतातली माती तव्यावर तापवून ओलावा मोजून दाखवला आणि वीस वर्षांचा आलेख फळ्यावर काढला, तेव्हा एका मुलानं अत्यंत अदबीनं हात वर केला. आलेख बरोबर की चूक हे त्यानं विचारलं नाही. आलेख काढायचे पैसे कोण देतं, एवढंच विचारलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्या मातीनं त्यांच्या बापांना गुडघ्यावर आणलं होतं ती काचेच्या बशीत समोर होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

तरी तिनं नवऱ्याला बजावलं की चौदा नोव्हेंबरपर्यंत घरातून एक शब्द बाहेर जाता कामा नये. तिच्या व्हिसाची सहा वर्षं पुढच्या वर्षी संपत होती. कायम वास्तव्याच्या अर्जावर शाळेच्या बोर्डानं सही केली तर राहता येणार होतं, देवदत्तला काम करता येणार होतं. नाही केली तर पुढच्या उन्हाळ्यानंतर सामान बांधायचं, आणि मराठी वाचणं विसरलेल्या मुलीला कराडच्या नववीत बसवायचं. चौदा नोव्हेंबरच्या सभेत तो विषय नवव्या क्रमांकावर होता.

बॉथेलहून तिची धाकटी बहीण मालिनी फोनवर म्हणाली, "ताई, इअरफोन घेऊन दे तिला आणि विषय कट कर यार." बॉथेल तिथून साडेचार तासांवर, तिथे शाळेच्या बसमध्ये निम्मी मुलं मराठी-तेलुगू असतात आणि रेडिओ कुणी लावत नाही. हार्लनच्या बसमध्ये इअरफोनला बंदी होती. मुलांना सुरक्षेच्या सूचना नीट ऐकू याव्यात, असं त्याचं कारण नियमावलीत दिलेलं होतं.

या मुलखात तक्रार कशी करतात हे देवदत्तनं पाहिलं नव्हतं असं नाही. माणसं पिकअपच्या बोनेटला कोपर टेकून पाव तास पावसाबद्दल बोलतात, मग गाडीचं दार उघडता उघडता, जणू आठवलं म्हणून, एक वाक्य बोलतात. ते वाक्य म्हणजेच तक्रार. ऐकणारा मान हलवतो. दुसऱ्या दिवशी काम झालेलं असतं. डेलनं आपलं कुत्रं बांधायला सुरुवात केली ती एका शेजाऱ्याच्या अशाच वाक्यानं. परंतु ज्याचे भोपळे खाल्ले त्याला त्याच्या तोंडावर त्याच्या कामात खोट आहे असं सांगणं, हा देवदत्तच्या संस्कारात उद्धटपणा होता. त्याच्या वरिष्ठांना सविनय कळवणं ही सभ्यता होती. तोंडी बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं दप्तरी राहतं, यावर त्याची एकोणीस वर्षांची श्रद्धा होती. शिवाय अर्जदार पालक होता, कर्मचाऱ्याचा नवरा नव्हता. त्याच्या मते ही दोन वेगळी कपाटं होती, आणि एका कपाटातला कागद दुसऱ्यात जात नसतो.

आसावरीला न सांगता त्यानं दोन दुपारी बसून इंग्रजीत अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, मुद्दे चार. शाळेच्याच धोरणातलं वादग्रस्त राजकीय मजकुराचं कलम त्यानं शोधून उद्धृत केलं. कलम स्वच्छ होतं, लागू होत होतं, आणि बोर्डातल्या कुणी ते वाचलेलं नसावं. चौथ्या मुद्द्यात त्यानं नमूद केलं की श्री. रिटर हे उत्तम वर्तणुकीचे व निर्व्यसनी गृहस्थ असून त्यांच्या सेवापुस्तकात प्रतिकूल नोंद घेण्यात येऊ नये. खाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' या अर्थाची ओळ, आणि तिच्याखाली नऊ नावं: इथल्या सगळ्या शाळांच्या प्रमुख सुपरिंटेंडंट, मुख्याध्यापक, वाहतूक विभागाचा प्रमुख, बोर्डाचे पाच सदस्य आणि शाळेचा वकील. साताऱ्याला एकाच साहेबाकडे गेलेला अर्ज बुडतो. नऊ टेबलांवर गेलेला बुडत नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची भीती असते. टपाल कार्यालयापर्यंत तो सहा मैल चालत गेला, आणि पोच घेऊन सहा मैल परत आला.

तीन दिवसांनी सुपरिंटेंडंटबाईंनी आसावरीला बोलावून घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या. राग परवडला असता. त्या थकल्या होत्या. त्यांनी विचारलं की तुमच्या नवऱ्यानं डेलला नुसतं सांगितलं का नाही? मीच सांगितलं असतं, एका मिनिटाचं काम होतं. आता हे शाळेचं कागदपत्र झालं. इथे शाळेचं कागदपत्र मागेल त्याला द्यावं लागतं, आणि ते कालच कुणीतरी मागितलं आहे.

आसावरी घरी आली तेव्हा देवदत्त चुलीजवळची राख भरत होता. तिनं कोट न काढता सगळं सांगितलं. तो म्हणाला, कागदात काहीच आक्षेपार्ह नाही.

"अहो, कागदात काय आहे हे कोण विचारतंय?" ती म्हणाली. "कागद आहे, एवढंच पुरलं त्यांना."

गुरुवारी सकाळी सात एकेचाळीसला रस्टीनं तो अर्ज वाचला. सगळा वाचला, एक शब्द बदलला नाही, इतका प्रामाणिक राहिला. 'मोस्ट रिस्पेक्टफुली' वाचून थांबला. 'निर्व्यसनी' वाचून परत थांबला आणि विचारता झाला की डेल, मित्रा, ऐकतोयस का, तुझ्या बिअरची चौकशी झालेली दिसते. नवव्या प्रतीपर्यंत पोचेतो स्टुडिओतलं दुसरं कोणीतरी हसून हसून खोकत होतं. पुढे आवाज एकदम हलका करून त्यानं एकच प्रश्न टाकला: ज्यांना इथे बोलावलं, ते आता आपण काय ऐकायचं हेही ठरवणार? उत्तर दिलं नाही. जाहिरात लावली.

बसमधली मुलं हसली. मोठी आधी, लहान त्यांच्या मागून. ज्ञानदाच्या शेजारची मुलगी दप्तर उचलून मागच्या बाकावर गेली, दुष्टपणानं नव्हे, मागे जास्त मजा चालली होती म्हणून. डेलनं आवाज वाढवला नाही आणि कमीही केला नाही. हे सगळं ज्ञानदानं घरी सांगितलं नाही. आसावरीला ते तिसऱ्या तासाच्या वर्गात कळलं, जिथे कुणीतरी फळ्यावर एक ते नऊ आकडे लिहून ठेवले होते.

शनिवारी डेल आला. देवदत्त लाकडं फोडत होता. पावसाबद्दल बोलणं झालं नाही.

"तू मला सांगायचं होतंस," डेल म्हणाला.

"मी तुमच्याविरुद्ध काहीच लिहिलेलं नाही. चौथा मुद्दा बघा..."

"ऐकला. सगळ्या काउंटीनं ऐकला." डेलनं टोपी काढून पुन्हा घातली. "त्या दिवशी शेतात मी तुला विचारलं होतं, मुलगी कशी आहे. तू बोलला असतास तर मी दुसऱ्या दिवशी बंद केला असता. मला त्याचं काय! गाणी लावली असती. पण आता बंद केला, तर कुणाच्या हुकमानं बंद केला हे सगळ्यांना ठाऊक असणार. आता मला तो लावावाच लागणार."

देवदत्तनं मान हलवली. डेलनं ओंडक्यात रुतलेली कुऱ्हाड उपटली, पातं अंगठ्यानं पुसलं आणि ती घेऊन निघून गेला. कुऱ्हाड त्याचीच होती. त्यानंतर देवदत्त भाजीच्या कोयत्यानं काटक्या तोडी आणि त्याची उजवी मूठ संध्याकाळी उघडत नसे.

सभेच्या दोन दिवस आधी सुपरिंटेंडंटबाईंनी आसावरीला वाट सुचवली. धमकी म्हणता येईल असं एकही वाक्य त्या बोलल्या नाहीत. नागरिकांना सभेत तीन-तीन मिनिटं बोलता येतं. पालकांनी तिथे उभं राहून तक्रार मागे घेतली तर वातावरण निवळेल, आणि निवळलेल्या वातावरणात नववा विषय चर्चेशिवाय होऊन जाईल. नाहीतर, त्या म्हणाल्या, चर्चा होईल. देवदत्तनं ते तिच्याकडून ऐकून घेतलं आणि माघारीचा मसुदा लिहायला बसला. तोही दीड पानांचा झाला. आसावरीनं वाचून खाली ठेवला. "यात अजून तुम्हीच बरोबर आहात," ती म्हणाली. त्यानं दोन वाक्यं खोडली. ज्ञानदा त्याच टेबलावर गणित करत होती. तिनं मसुदा उलटा, बापाच्या समोरून वाचला आणि पुन्हा गणितात डोकं घातलं.

सभा शाळेच्या वाचनालयात होती. एरवी सात माणसं येत. त्या दिवशी नव्वद आली आणि पुस्तकांच्या कपाटांना पाठी लावून उभी राहिली, ज्यामुळे त्या पुस्तकांशी त्यांचा वर्षातला सर्वांत निकट संबंध आला. टोपीवाले, बूट धूळभरले, पेरणी फुकट गेलेली माणसं. त्यांच्यात वाईट असा एकही चेहरा नव्हता. कुणी आसावरीला जागा करून दिली, कुणी ज्ञानदाला कुकी दिली. डेल दाराजवळ हाताची घडी घालून उभा होता. बोलणाऱ्यांची यादी सुरू झाली. चौघे बोलले, चौघांचीही वाक्यं गुरुवारच्या कार्यक्रमातली होती आणि चौघांनाही ती आपली वाटत होती. मग अध्यक्षांनी, धान्याच्या कोठाराच्या वृद्ध मालकांनी, 'मिस्टर शेन' एवढंच नाव जमवून पुकारलं.

देवदत्त कागद घेऊन उठला. ज्ञानदानं त्याच्या बाहीवर हात ठेवला आणि तीच उभी राहिली. विद्यार्थ्यांना बोलता येतं का, तिनं विचारलं. अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, अवश्य, शाळा तुमच्यासाठीच आहे.

ती माईकपाशी गेली. लगेच बोलली नाही. थांबली, आसावरी वर्गात कधीच थांबू शकली नव्हती इतका वेळ थांबली, खोली आपोआप पुढे झुकेपर्यंत. मग हसून म्हणाली की ती रोज नऊ नंबरच्या बसनं येते.

"माझे बाबा एकदाही त्या बसनं आलेले नाहीत."

कोणीतरी हसलं. तिनं हसू संपू दिलं. सांगितलं की बाबा सरकारी ऑफिसात होते, आणि त्यांना वाटतं माणसानं शिंकण्याआधी परवानगीचा अर्ज करावा, नऊ प्रतींत. वाचनालय हसण्यानं भरून गेलं. दाराजवळ डेलही खाली बघून हसला. तो आवाज थोडा ओसरल्यावर तिनं स्वर हलका केला. मिस्टर रिटर आम्हाला धुक्यातून नेतात, बर्फातून नेतात. ते काय ऐकतात हे ठरवायला एक ऑफिस लागतं का? मी फक्त विचारते आहे. आणि पुन्हा थांबून म्हणाली, "माझी आई इथे शिकवते. ती अर्ज करत नाही. ती काम करते."

टाळ्या अर्धा मिनिट चालल्या. तिला दिलेल्या तीन मिनिटांतले पन्नास सेकंद उरले होते.

देवदत्त उभाच होता. बसावं की नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही. अध्यक्षांनी त्याला हसून विचारलं की तुम्हाला काही जोडायचं आहे का; तो म्हणाला, नाही, आभारी आहे. नववा विषय अकरा सेकंदांत झाला. पाच विरुद्ध शून्य. अध्यक्षांनी खिशातल्या पेनानं तिथेच सही केली. बाहेर पडताना माणसं येऊन देवदत्तचा हात दाबत होती. मुलगी हुशार आहे, मनाला लावून घेऊ नका, असं सांगत होती. प्रत्येकाला त्यानं थँक यू म्हटलं. एका टोपीवाल्यानं आसावरीला सांगितलं की रस्टीला ही पोरगी फार आवडेल.

गाडी आसावरी चालवत होती. सहीची प्रत तिच्या पर्समध्ये होती आणि पर्स तिनं मांडीवर घेतली होती. चार मैल मागे पडले. मग मागून ज्ञानदानं विचारलं, बाबा काय बोलणार होते?

देवदत्तनं कागद उघडला नाही. पाठ होतं. आदरणीय अध्यक्ष व सन्माननीय सदस्य, दिनांक बावीस ऑक्टोबरच्या माझ्या पत्रासंदर्भात... त्यानं दोन परिच्छेद म्हटले. ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिली, वडिलांचं ऐकावं तसं.

"ते ऐकणार नव्हते, बाबा," ती म्हणाली. "पहिल्याच मिनिटात कुणीतरी वाईट लागतं. तुमच्यात कुणीच नाही. लेटरमध्येपण नव्हतं. डेलपण चांगला, बोर्डपण चांगलं."

"आणि तू कोणाला घेतलंस?" आसावरीनं विचारलं. विचारायला नको होतं; उत्तर तिच्या शेजारच्याच सीटवर बसलं होतं.

"बाबांना." मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती; बाहेर पेरलेलं आणि न उगवलेलं शेत सरत होतं. "हॉलमध्ये आपल्याला अफोर्ड होईल असं दुसरं कोणी नव्हतं."